चोवीस शांत उंदीर

आर. के. पुरम, नवी दिल्ली
३ फेब्रुवारी २०२५

सुधन्वा,

आधी ‘चिरंजीव’ लिहिलं होतं. ते खोडलं, आणि मग तो कागदच फाडून नवा घेतला. खाडाखोड केलेलं पत्र तू कुणाला तरी दाखवशील आणि म्हणशील, बघा, ही बाई नोंदीसुद्धा अशाच करायची.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, पुढे काही नाही. म्हणून स्पीड पोस्ट. पानिपतच्या अलीकडे तुझं ते नवं काचेचं विद्यापीठ आहे, दिल्लीहून दोन तास. दीड वर्षात तुला ते दोन तास मिळाले नाहीत. जाऊ दे, पत्र तरी पोचेल.

आज सकाळी शिपायानं प्राणिगृहात येऊन माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस दिली. एकतीस वर्षं मी तिथे उंदीर सांभाळतेय, एकतीस वर्षांत मला कुणी साधा मेमो दिला नव्हता. तुझ्यानंतर लॅबमध्ये आलेली पीएचडीची विद्यार्थिनी, सृष्टी, शेजारीच उभी होती. पोरीचं तोंड एवढंसं झालं, कारण सुरुवात तिच्यामुळे झाली असं तिला वाटतंय. नोटिशीत तू चौकशी समितीला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय. इंग्रजी आहे, मी मराठीत सांगते: शांत गटातल्या उंदरांच्या हार्मोनची पातळी मुळातच वाढलेली दिसते, याचं कारण तांत्रिक कर्मचाऱ्याची सदोष हाताळणी असावी. तांत्रिक कर्मचारी म्हणजे मी. सहा वर्षं दर रविवारी ज्या बाईच्या हातचं जेवलास, तिचं नाव लिहायला जड गेलं वाटतं.

तुझा प्रयोग तू मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावला होतास, पोळी खाता खाता. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन उसळतं, ते मेंदूखालच्या मसुराएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला ढोसतं, आणि पिट्युटरी आपलं हार्मोन रक्तात सोडते. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणालास. तुझं नवं म्हणणं असं होतं की उंदीर अगदी शांत असला, त्याला कुणी धक्कासुद्धा लावला नाही, तरी अ‍ॅड्रिनलिन आतून ढोसतच असतं. पुरावा काय, तर चोवीस शांत उंदीर. बारांना साधं पाणी, बारांना पाण्यातून अ‍ॅड्रिनलिन अडवणारं औषध. औषधवाल्यांचं हार्मोन निम्म्यावर आलं. मग पेपर, मग पीएचडी, मग नोकरी.

सृष्टीनं तोच प्रयोग पुन्हा केला. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा उंदीर माझ्या हातातले. दोन्ही गटांचं हार्मोन सारखंच, पार तळाला. फरक म्हणून नाही. कारण सरळ आहे. तुझे चोवीस शांत नव्हतेच. ते घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या उंदराला ते औषध दिलं की हार्मोन उतरणारच. एवढं मला, बीएस्सी पास बाईला, कळतं.

शांत उंदीर आयता मिळत नाही, तो करावा लागतो. दहा दिवस, रोज सकाळी नऊला, प्रत्येकी दोन मिनिटं, एकच हात. त्या दहा दिवसांत मी डोक्याला तेल लावत नाही, वासाचा साबण वापरत नाही, अ‍ॅप्रन धूत नाही. सृष्टी नाक मुरडते, मुरडू दे. अकराव्या दिवशी रक्त घ्यायचं असतं, तोच हात त्याला उचलतो, दार लावून शेजारच्या खोलीत नेतो, आणि त्याला काही कळायच्या आत मान पात्याखाली जाते. वीस सेकंदांच्या वर मी कधी लावले नाहीत. मी त्यांना फसवते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी त्यांना घाबरवत नाही. तेवढंच माझ्या हातात असतं, आणि ते मी एकतीस वर्षं नीट केलंय.

त्या अकराव्या दिवशी, २२ नोव्हेंबर २०२२ ला, पिंजऱ्यात हात कुणाचा गेला हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात ते तुझ्याकडे बघून कळलं.

मला पंधरा दिवसांत नोटिशीला उत्तर द्यायचंय. त्याआधी तू समितीला खरं लिही. बाकी तुझ्याकडून मला काही नको.

कुमुद


आर. के. पुरम
९ फेब्रुवारी २०२५

सुधन्वा,

पत्र पोचल्याचं कळलं. काल दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून फोन केलास ते बरं केलंस, नाहीतर तुझा आवाज मी विसरले असते. पण भाजी चुलीवर होती आणि माझं डोकं त्याहून तापलं होतं, म्हणून मी फोन आपटला. आता थंड डोक्यानं लिहिते. थंड म्हणजे तू समजतोस तसं नाही.

‘काकू, ऐका ना यार,’ म्हणालास. मी तुझी यार कधीपासून झाले?

‘तुम्ही फक्त मान्य करून टाका की त्या दिवशी हाताळणीत गडबड झाली. तुम्हाला काय होणार आहे, जास्तीत जास्त एक वॉर्निंग. सप्टेंबरात रिटायरच होताय. माझं प्रोबेशन चालू आहे, काकू. माझं सगळं संपेल.’

म्हणजे हिशेब असा की तुझं आयुष्य पुढे आहे आणि माझं मागे, म्हणून चिखल मागच्यावर टाकला तर चालतो. अरे, मागचंच तर माझ्याकडे आहे. पुढे काय, गुडघे आणि बीपीची गोळी. त्या इमारतीत माझ्याबद्दल लोक एकच गोष्ट बोलतात, कुमुदताईंच्या हातात उंदीर झोपतो. ती तू मागतोयस, आणि ‘फक्त’ म्हणून मागतोयस.

तू म्हणालास, तुम्हाला नीट आठवत नसेल. तर ऐक, मला काय काय आठवतंय.

त्या सकाळी सव्वासातला ह्यांच्या छातीत कळ आली. तुझ्या शांतारामकाकांच्या. दूधवाल्याशी बोलता बोलता ते पायरीवर खालीच बसले. टॅक्सीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तुला फोन केला, कारण दहा दिवस पुरे झाले होते आणि नऊ वाजता माझे चोवीस जण वाट बघणार होते. मी म्हटलं, दोन दिवस पुढे ढकल, मी रोज येऊन त्यांना हातात घेईन, काही बिघडत नाही. तू म्हणालास, थीसिसची तारीख आहे, काकू, तुम्ही काकांकडे बघा, मी करतो. मग मी काय काय सांगितलं ते सांगू? दारामागचा माझा अ‍ॅप्रन घाल. सेंट मारू नकोस. पिंजरे पात्याच्या खोलीत नेऊ नकोस, एकेकाला घेऊन जा. कुणाला तरी सोबतीला घे, एकट्याचं काम नाही. तू प्रत्येक वाक्याला म्हणत होतास, हो काकू, बिल्कुल काकू.

संध्याकाळी तू हॉस्पिटलात आलास. सफरचंदं घेऊन. ह्यांच्या पलंगाशी बसून त्यांना हसवलंस. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी विचारलं, मुलगा का, तर मी म्हटलं, मुलासारखाच. माझ्या पोटी मूल नाही, हे तुला माहीत होतं, आणि ते ऐकून तू माझ्याकडे बघून हसलास तेही मला आठवतंय.

मग मला कॉरिडॉरमध्ये बोलावून तू पिशवीतून प्राणिगृहाचं रजिस्टर काढलंस.

‘नियमानं प्रशिक्षित हात लागतो, काकू. माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नाही. फक्त एक सही. आणि हजेरीवर पण करून टाका, म्हणजे रजेचा प्रश्न नको.’

अ‍ॅप्रन घातला होतास का, मी विचारलं. तू म्हणालास, त्याला फार वास येत होता, काकू.

मी सही केली. दोन्हीकडे. तो सगळा दिवस मी ह्यांच्या उशाशी होते आणि कागदावर प्राणिगृहात. सफरचंदं कापून सगळ्या वॉर्डला वाटली मी. आता वाटतं, ती ह्यांच्यासाठी नव्हतीच, सहीसाठी होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे खूप पाहिले. तू मोजलेस, आणि मोजून एक काढून घेतलास.

म्हणे सगळं संपेल. संपू दे. मुनिरकातल्या त्या भाड्याच्या खोलीत तुला डेंग्यू झाला तेव्हा मी पेजेचा डबा घेऊन चार जिने चढले होते, ते काय तू नोकरीवाला होशील म्हणून नाही.

लिही समितीला. अजून आठ दिवस आहेत.

कुमुद


आर. के. पुरम
१५ फेब्रुवारी २०२५

सुधन्वा,

तू लिहिलं नाहीस. मी सृष्टीकडून विचारून घेतलं. उलट तू आणखी एक पान पाठवलंयस, की संबंधित कर्मचाऱ्याच्या घरी त्या काळात आजारपण होतं, त्यामुळे तिचं लक्ष नसावं. शाबास. ह्यांच्या हार्टअटॅकचाही उपयोग करून घेतलास. लाज नावाची वस्तू तुमच्या त्या काचेच्या इमारतीत आत आणायला बंदी आहे का?

तीन दिवसांपूर्वी नोटिशीचं उत्तर लिहायला बसले. तुझ्यावर चार पानं झाली, भराभर झाली. मग वाचली, आणि लक्षात आलं की त्यात एक गोष्ट नाही. तुला वाटत असेल काकूंना ती दिसली नव्हती. दिसली होती.

रजिस्टर पुढे केलंस तेव्हा तुझ्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

मी विचारलं, चावला? तू म्हणालास, हो ना, साला तिसराच चावला.

दहा दिवस रोज हातात घेतलेला उंदीर चावत नाही, सुधन्वा. हे मी तुला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तो चावला म्हणजे जिवाच्या भीतीनं चावला. म्हणजे पिंजरे तू त्याच खोलीत ठेवले होतेस, एकाच्या रक्ताचा वास दुसऱ्याला येत होता, आणि मागे एकवीस जण ओळीत तेच हुंगत बसले होते. ज्याची सवय लावली तो हात आलाच नाही, आणि जो आला तो परका, घाईचा. मला एका क्षणात कळलं की हे चोवीसच्या चोवीस वाया गेले. त्यांच्या रक्तातून शांततेबद्दल काहीही कळणार नव्हतं. त्यांना विनाकारण मारलं, आणि तेही घाबरवून मारलं.

हे सगळं मला कळलं, आणि मग मी तुझ्याकडे पेन मागितलं.

का, ते मी तीन दिवस स्वतःला विचारतेय. हे आत पडले होते, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. मला वाटलं, आकडे वेडेवाकडे येतील, तुझं तुलाच कळेल, तू निमूट पुन्हा करशील. आकडे तुला हवे तसेच आले. मग तू छापलेला पेपर घेऊन आलास. आभाराच्या परिच्छेदात माझं नाव होतं, ‘कुशल हाताळणीबद्दल’. एकतीस वर्षांत कितीजणांचे प्रयोग झाले माझ्या हातून, कुणी नाव छापलं नव्हतं. मी त्या पानाचा फोटो नागपूरला बहिणीला पाठवला. मला ठाऊक होतं की ते खोटं आहे, आणि मी तो फोटो पाठवला. दोन वर्षं गप्प बसले ती तुझ्या मायेपोटी नाही. माझं नाव छापून आलं होतं म्हणून.

तेव्हा राग तुझ्या एकट्यावर नाही. माझ्या वाट्याचा मी घेतलाय. पण तुझा तुझ्याकडे जसाच्या तसा आहे, त्यात मी काही कमी केलेलं नाही.

ह्यांना सांगितलं. हे पस्तीस वर्षं मंत्रालयात फायली हलवून रिटायर झालेले. म्हणाले, ‘अगं, खोटी हजेरी, खोटी नोंद, स्वतःच्या हातानं लिहून देतेस? चार्जशीट येईल. त्यापेक्षा लिही, मला आठवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

मी म्हटलं, मूठ उघडलीय सुधन्वानं, माझी कसली झाकता?

दोन वेळची जेवणं आम्ही एकमेकांशी न बोलता जेवलो. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा लावला, माझा मसुदा ओढून घेतला, दोन ठिकाणी कलम चुकलं होतं ते सुधारलं. मग शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की त्या दिवशीचा रुग्ण मीच, सकाळी आठपासून ही माझ्या पलंगाजवळून हललेली नाही. खाली सही ठोकली. म्हणाले, ‘उंदराला मांजर साक्ष म्हणतील. म्हणू देत.’

अंगठ्याचंही मी त्यात लिहिलंय. माझ्या पेनाचंही. उद्या रविवार, सोमवारी देणार. म्हणजे तुला अजून उद्याचा दिवस आहे, माझ्या आधी बोलायचं असलं तर.

कुमुद


आर. के. पुरम
७ मार्च २०२५

सुधन्वा,

काल तुला दीड वर्षांनी पाहिलं. केस विरळ झालेत. टाय चांगला होता. समितीच्या खोलीत मी आत आले तर तू खुर्चीतून अर्धा उठलास, मग अध्यक्षांकडे बघून पुन्हा बसलास. ते अर्धं उठणं पाहून मला एक क्षण वाटलं की हा बोलेल.

तू म्हणालास, ‘इतक्या वर्षांपूर्वीचं मला नक्की आठवत नाही.’ इतकी वर्षं म्हणजे दोन.

मला अध्यक्षांनी विचारलं, ‘आपको पता था कि डेटा ख़राब है?’

मी म्हटलं, जी.

‘कब से?’

‘उसी शाम से.’

टेबलाच्या टोकाच्या मॅडमनी चष्मा काढून पुसला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्याच विरुद्ध जातंय? मी म्हटलं, कळतंय. अ‍ॅड्रिनलिन काय असतं ते माझं मला कळत होतं. पण आवाज फुटला. तुझ्याकडे मी बघितलं नाही, बघितलं असतं तर ओरडले असते.

बाहेर जिन्यापाशी तू गाठलंस. ‘काकू, तुम्ही मला संपवलंत.’

तिथे उत्तर दिलं नाही कारण सृष्टी सोबत होती. आता देते. मी तुला संपवलं नाही. मी तुझा एक दिवस सांगितला. त्या एका दिवसावर तू एवढं सगळं बांधलंस, त्यात माझा काय दोष?

आज सकाळी माझी ऑर्डर आली. पेपर मागे घ्यायची शिफारस आहे. माझ्यावर खोट्या नोंदीची खातेनिहाय चौकशी, आणि ती पूर्ण होईपर्यंत प्राणिगृहात प्रवेश नाही. चौकशीला आठ-दहा महिने लागतात, ह्यांनी सांगितलं. सप्टेंबरच्या तीस तारखेला मी रिटायर. म्हणजे आज मी तिथून शेवटची बाहेर आले. निरोप समारंभ वगैरे राहू दे, हात धुवायला वेळ दिला एवढंच.

सृष्टीचे नवे उंदीर आहेत, सोळा. आज त्यांचा सहावा दिवस होता. पोरगी रडवेली झाली, म्हणाली, काकू, चार दिवस तर राहिलेत, मी पुढचे करते ना. मी म्हटलं, नाही. हात बदलला की मोजणी पहिल्यापासून. उद्या तुझा पहिला दिवस. तिनं लगेच हो म्हटलं, एकदाही तारीख सांगितली नाही. मग मी जाळीच्या दाराबाहेर उभी राहिले, आत पाय न टाकता, आणि ती पिंजऱ्यात हात घालताना तिला सांगत राहिले. वरून झडप घालू नकोस. भाजीची जुडी उचलतेस तसं नको. हात खाली ठेव आणि त्याला येऊ दे. उंदीर कोपऱ्यात दडून बसला होता. आला नाही. उद्या येईल, नाहीतर परवा. सुरक्षारक्षक घड्याळ बघत होता, शेवटी म्हणाला, मॅडम, चलिए. मी निघाले.

घरी येऊन मी खूप रडले. ह्यांना वाटलं पश्चात्ताप. पश्चात्ताप नाही, संताप. पात्याचं ते काम गेलं याचं मला दुःख नाही. सकाळी नऊ वाजता कुणीतरी आपल्या हाताची वाट बघतंय, ते गेलं. आणि ते तू घेतलंस असं म्हणायची मला सोय नाही, कारण पेन मी मागितलं होतं.

तुला सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी निवेदन द्यायला सांगितलंय, ते मी काल ऐकलं. म्हणून हे पत्र आजच टाकतेय, उद्या पोचेल. नीट वाच. माझं जे जायचं ते गेलं. तू खरं लिहिलंस तरी मला त्या दारातून आत कुणी घेणार नाही, आणि खोटं लिहिलंस तरी याहून जास्त माझं काही बिघडणार नाही. पहिल्या पत्रात मी मागत होते ते माझ्यासाठी मागत होते. आता माझ्यासाठी तुला काहीच करता येण्यासारखं नाही, आणि हे मी तुला दुखवायला सांगत नाही, आहे ते असं आहे. सोमवारी तू जे लिहिशील त्यात काकू नसेल. फक्त तू असशील.

मला उत्तर पाठवू नकोस. त्यांना दे.

कुमुद